हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेंतील एक रहिवासी

वऱ्हाडांतल्या माणसास समुद्र ही ऐकीव वस्तु. अकोल्याहून मुंबईचा किनारा रेल्वेनें साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक दूर. आणि आमच्या मोर्णा, काटेपूर्णा या नद्या अशा, कीं वैशाखांत त्यांच्या पात्रांतून बहुतेक ठिकाणीं कोरड्या पायांनीं पलीकडे जावें. तरीहि समुद्राची म्हणून समजली जाणारी एक वस्तु आमच्या दाराशीं आहे, आणि ती म्हणजे मीठ. पूर्णेच्या खोऱ्यांतील अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतलीं शेंकडों गांवें खारपाणपट्ट्यांत मोडतात. तेथील कित्येक विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. याच पट्ट्यांत, अकोला जिल्ह्यांतील दहिहांडा येथें, १९३० सालीं खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून वऱ्हाडच्या सत्याग्रहींनीं कायदेभंग केला. ज्या प्रांतास किनारा नाहीं त्यानें मिठाचा सत्याग्रह आपल्याच पाण्यावर करावा, याचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे.

खारें पाणी आहे, त्या अर्थीं येथें पूर्वीं समुद्र असला पाहिजे, असें आमच्याकडील पुष्कळ सुशिक्षित मंडळींचें मत आहे. न्यायशास्त्राची पहिली पायरी चढलेल्यासहि येथें शंका यावी. जेथें धूर तेथें अग्नि ही व्याप्ति खरी. परंतु जेथें मीठ तेथें समुद्र ही व्याप्ति खरी नव्हे. सपाट जमिनींत पाण्याचा निचरा झाला नाहीं आणि उन्हानें तें आटत राहिलें, म्हणजे क्षार मागें राहतात; त्यास समुद्राची गरज नाहीं. समुद्र होता हें सिद्ध करावयाचें, तर साक्षीदार निराळा हवा. तो असा हवा, कीं जो समुद्राच्या कांठाखेरीज दुसरीकडे जगूं शकत नाहीं, आणि मेल्यावरहि आपलें घर मागें ठेवून जातो. अशा एका साक्षीदाराची गांठ आम्हांस माघांत हरिहरेश्वरीं पडली. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढ्यासाठीं हा लेख.

हरिहरेश्वर हें पेशव्यांचें कुलदैवत. आमच्याहि घराण्याचें तेंच. आमचे पूर्वज चार पिढ्यांपूर्वीं पोटाच्या मागें वऱ्हाडांत आले व येथलेच झाले. कुलदैवताचें दर्शन मात्र वर्षानुवर्षें लांबणीवर पडत गेलें. या खेपेस अमरावतीचे आमचे चुलत बंधु आप्पा यांनीं मनावर घेतलें. अमरावतीहून निघालेली गाडी रात्रीं अकोल्यास आली, तेव्हां आप्पा आणि आमचा अकरा वर्षांचा नातू तींत आधींच होते. आम्ही उभयतां अकोल्यास चढलों. कसाऱ्याचा घाट अंधारांतच उतरला. पुढें कोकण रेल्वेनें माणगांव, आणि तेथून मोटारीनें श्रीवर्धनावरून हरिहरेश्वर. गाड्या वेळेवर होत्या, अन्न बरें होतें. प्रवासाविषयीं याहून अधिक सांगण्यासारखें कांहीं नाहीं.

एक गोष्ट मात्र आप्पांनीं वाटेंत दाखविली ती सांगितली पाहिजे. माणगांवापुढें रस्त्यासाठीं डोंगर जेथें जेथें फोडला आहे तेथें आंतून निघालेला दगड काळाभोर, घट्ट, थरांवर थर रचलेला. "दादा, हा तर आपल्या गाविलगडाचाच दगड!" असें ते म्हणाले, आणि तें अक्षरशः खरें आहे. गाविलगड व नरनाळा ज्या डोंगरांवर उभे आहेत ते डोंगर आणि हरिहरेश्वराचा कडा हे एकाच लाव्हाचे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तो वाहिला, आणि आज सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यानें व्यापिला आहे. आमच्याकडे तो ऊनपावसानें कुजून काळी माती झाली. त्या मातींत कापूस, ज्वारी व तूर पिकते आणि आमचें पोट भरतें. समुद्राच्या तोंडाशीं मात्र लाटा त्यास कुजूं देत नाहींत; धुऊन धुऊन उघडा ठेवितात. त्या उघड्या दगडावर कोणाचें पोट भरत असेल, असें आमच्या मनांत तेव्हां आलें नव्हतें.

हरिहरेश्वराचें देऊळ सावित्रीच्या मुखाजवळ डोंगराच्या पायथ्याशीं आहे. नदीपलीकडे बाणकोट. प्रथम काळभैरवाचें दर्शन, मग हरिहरेश्वराचें, आणि पुन्हां काळभैरवाचें, असा येथला क्रम आहे. प्रदक्षिणा देवळाभोंवतीं नसून डोंगराभोंवतीं आहे, आणि तिचा मोठा भाग समुद्राच्या खडकावरून जातो. त्यामुळें ती मनांस येईल तेव्हां करतां येत नाहीं. समुद्र वाट देईल तेव्हांच करावी लागते.

समुद्र वाट केव्हां देतो तें कोकणांतलीं माणसें घड्याळापेक्षां पंचांगावरून सांगतात. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. आमचा मुक्काम होता त्या दिवशीं माघ वद्य द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दुपारीं दीड वाजतां आणि ओहोटी सकाळीं साडेसातच्या सुमारास. शिवाय पौर्णिमा नुकतीच झालेली, त्यामुळें उधाणाचे दिवस. उधाणाच्या दिवसांत भरती जशी चढते तशी ओहोटीहि खोल जाते, व एरवीं पाण्याखालीं असलेला खडक उघडा पडतो. पन्नास वर्षें पंचांग हाताळूनहि त्याचा हा उपयोग आम्हांस ठाऊक नव्हता; वऱ्हाडांत तो कळावा तरी कसा?

सकाळीं सातास निघालों. देवळामागच्या पायऱ्या चढून गेल्यावर डोंगराच्या एका अरुंद फटींतून दुसऱ्या पायऱ्या खालीं उतरतात. दोन्ही बाजूंस कडे, मध्यें एका माणसापुरती वाट, आणि समोर खालीं एकदम समुद्र. आमची मंडळी तेथें क्षणभर भिंतीस हात लावून उभी राहिली. खालीं उतरल्यावर खडकाचें लांबरुंद अंगण लागतें. लाटांनीं त्याचे नानाविध आकार केले आहेत. कोठें मधाच्या पोळ्यासारखीं भोंकें, कोठें घडी घातल्यासारख्या कडा, कोठें स्वच्छ पाण्याचीं डबकीं. तीर्थांचीं व विष्णुपदाचीं स्थानें याच वाटेवर आहेत.

अर्धी वाट सरली असेल, इतक्यांत नातू थांबला. "आजोबा, या दगडाला टोप्या कुणी घातल्या?"

पाहतों तों खरोखरच, कंबरेइतक्या उंचीच्या एका शिळेवर पालथ्या घातलेल्या लहान लहान वाट्यांसारखे चाळीसपन्नास उंचवटे. रंग दगडाचाच, लक्ष गेलें नसतें तर दगडाचाच भाग म्हणून पुढें गेलों असतों. नातवानें एकास बोट लाविलें, तो हलला नाहीं. मग नखानें उचकटून पाहिलें, तरीहि नाहीं. जवळच एक बाई लोखंडाच्या टोंकदार हत्यारानें कालवें काढीत होती, ती हंसली. "एकदां शिवलास ना बाळा, आतां तो सुटायचा नाहीं. त्याला ठाऊक नसतांना एकदम आडवा फटका द्यावा लागतो," असें तिनें सांगितलें. नांव विचारलें तर म्हणाली, "त्याला कसलं नांव, बाबा? दगडावरचा शिंपलाच तो."

इंग्रजींत या प्राण्यास लिंपेट म्हणतात; आपणहि तेंच नांव चालवूं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील खडकांवर जो नेहमीं आढळतो त्याचें शास्त्रीय नांव सेलाना रेडिएटा. त्याचें वर्णन प्रथम इग्नाझ फॉन बोर्न या विद्वानानें १७७८ सालीं व्हिएन्ना येथें केलें. तेथील राजसंग्रहांतील शंखशिंपल्यांची तो यादी करीत होता. रेडिएटा म्हणजे अरयुक्त, चाकाच्या आरांसारख्या रेषा असलेला. बोर्ननें त्यास लिंपेटांच्या ज्या जुन्या गणांत घातलें त्याचें नांव पटेला. लॅटिन भाषेंत पटेला म्हणजे लहान बशी किंवा वाटी; आणि वैद्यकांत गुडघ्यावरील हाडासहि तोच शब्द लावितात. आपणहि त्या हाडास गुडघ्याची वाटीच म्हणतों! दोन दूरच्या भाषांनीं एकाच हाडास एकच उपमा द्यावी, हें पाहून आम्ही आपल्या दुखऱ्या गुडघ्यांकडे नव्या आदरानें पाहिलें.

प्राणिशास्त्रांत हा मृदुकाय संघांतला, उदरपाद वर्गांतला. उदर हाच ज्याचा पाद तो उदरपाद. हा बहुव्रीहि आम्हीं वर्गांत कधीं सोडवून घेतला नाहीं, परंतु आतां वाटतें कीं घ्यावयास हवा होता. आमच्या बागेंतली गोगलगाय याच वर्गांतली. अमरकोशाच्या वारिवर्गांत शंख, शुक्ति, शंबूक यांस शब्द आहेत; याच्यासाठीं वेगळा शब्द आम्हांस तेथें आढळला नाहीं. त्याचे नातलग मात्र आपल्या घरांतच आहेत. देवघरांतला शंख हा उदरपादाचेंच कवच. आणि गंडकींतून येणारा शालिग्राम हाहि, शास्त्रज्ञांच्या मतें, पुरातन समुद्रांतील एका मृदुकाय प्राण्याच्या कवचाचा दगड झालेला ठसा होय. म्हणजे वऱ्हाडांतल्या ज्या घरीं समुद्र कोणी पाहिलेला नसतो, त्या घरींहि देव्हाऱ्यांत त्याचीं दोन कवचें नांदत असतात.

सेलानाचें कवच इंच-दीड इंच लांब, तळाशीं लंबगोल, वर बसक्या शंकूसारखें निमुळतें. शेंडा अगदीं मध्यावर नसून डोक्याच्या बाजूस किंचित् सरकलेला असतो. शेंड्यापासून कडेपर्यंत उंच रेषा उतरतात, त्यांमुळें कड बारीक दातेरी होते. बाहेरून रंग राखी-तपकिरी, मधून मधून काळसर पट्टे. ही बाहेरची बाजू पाहून आंतल्या बाजूची कल्पना येत नाहीं. पुढें वाळूवर नातवास एक रिकामें कवच सांपडलें. तें उलटें करतांच रुप्याच्या वाटीसारखें चमकलें, आणि कलतें धरल्यावर त्यांत मोत्याची झांक दिसली. त्या चकाकींत घोड्याच्या नालासारखी एक खूण होती. प्राण्याचा स्नायु कवचास जेथें जखडलेला असतो तेथली ती खूण. नालाची उघडी बाजू डोक्याकडे. तेथून डोकें बाहेर काढावयाचें.

याचें राहण्याचें ठिकाण फार नेमकें आहे. खडकाच्या माथ्यावर, जेथें केवळ तुषार उडतात, तेथें तो नाहीं. तेथें बारीक गोगलगायी चिकटलेल्या असतात. अगदीं खालीं, जेथें खडक सदोदित पाण्यांत असतो व समुद्रवनस्पतींनीं झांकलेला असतो, तेथेंहि तो विरळ. त्याचा पट्टा या दोहोंच्या मधला, भरतीच्या व ओहोटीच्या रेषांमधला. दिवसांतून दोनदां त्याच्या डोक्यावरून समुद्र जातो, आणि दोनदां तो उघडा पडतो. श्वास तो कल्ल्यांनीं घेतो. ते कवचाच्या कडेच्या आंतल्या बाजूस गोल बसविलेले असतात, आणि ते सुकतां कामा नये. म्हणून पाणी उतरलें कीं हा कवच खडकावर दाबून बसतो व घोंटभर समुद्र आंत कोंडून ठेवितो. फाल्गुन-चैत्रांतील दुपारीं काळा दगड किती तापत असेल, याची कल्पना आम्हां अकोलेकरांस निराळी द्यावयास नको! त्या तव्यावर हा सहा तास घोंटभर पाण्यावर काढतो. त्यांतल्या त्यांत शहाणपण असें, कीं पुष्कळसे शिळेच्या उभ्या अंगास, फटींत, सावलीच्या बाजूस दिसले. माथ्यावर उन्हांत थोडे.

दुसरें संकट लाटेचें. त्या दिवशीं समुद्र शांत होता. तरी खडकाच्या तोंडावर पाणी आपटे तेव्हां जमीन हादरल्याचें पायांस कळे. अशा ठिकाणीं शंखाच्या आकाराचा प्राणी गडगडत जाईल. बसक्या शंकूवरून मात्र पाणी निसटून जातें. खालीं रुंद मांसल पाद आहे, तो चिकट द्रव्य सोडून आणि खडकाशीं घट्ट लागून राहून धरून ठेवितो. कवचाची कड खडकाच्या उंचसखलपणास अनुसरून वाढते, त्यामुळें एकाची कड दुसऱ्याच्या जागेस बरोबर बसत नाहीं. युरोपांतील लिंपेटांविषयीं असें पाहण्यांत आलें आहे, कीं चरावयास गेलेला प्राणी फिरून आपल्याच जागेवर, त्याच दिशेस तोंड करून येऊन बसतो. आणि दगड मऊ असेल तर तेथें त्याच्या कडेचा ठसाहि उमटतो. तो अन्नासाठीं जागा सोडून हिंडतो, हें अरिस्टॉटलच्याहि ध्यानांत आलें होतें. आमच्या सेलानांपैकीं कोण घरीं परततो व कोण नाहीं, हें पाहावयास महिनाभर तेथें राहावें लागेल. आमच्याजवळ दीड तास होता.

"पण आजोबा, हा खातो काय? इथं तर नुसता दगड आहे," हा नातवाचा पुढचा प्रश्न. प्रश्न अचूक होता. चहूंकडे ओला काळा दगड. ना पान, ना गवत.

परंतु तो दगड दिसतो तसा उघडा नाहीं. बोट फिरवून पाहावें म्हणजे किंचित् बुळबुळीत लागतो. सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या, भिंगाखेरीज न दिसणाऱ्या वनस्पतींचा तो पातळ थर असतो. वाऱ्यापाण्याबरोबर आलेले शेवाळाचे बीजकण त्यांतच येऊन रुजूं पाहतात. हा थर आणि हे कोंब हेंच सेलानाचें अन्न. तें त्यास उचलून खातां येत नाहीं, खरवडूनच घ्यावें लागतें. त्यासाठीं त्यास जी जीभ आहे ती एक लांब पट्टी असून तिच्यावर सूक्ष्म दांतांच्या ओळींमागून ओळी असतात; आपल्या घरची खवणी फितीसारखी लांबविली तर कशी दिसेल तशी. युरोपांतील एका प्रसिद्ध जातींत ही पट्टी कवचापेक्षांहि लांब असून शरीरांत वळी करून ठेविलेली असते. दगडावर घांसून पुढचे दांत झिजून गळतात, तों मागून नव्या ओळी तयार होऊन पुढें सरकतात. खडकावर कोठें कोठें नागमोडी बारीक ओरखडे दिसतात, ते याच्या जेवणाचे.

दगडावर घांसूनहि दांत टिकावेत म्हणून ते लोहयुक्त झालेले असतात. लोखंडाचें जें खनिज त्यांत आढळतें त्याचें नांव गोएथाइट. कोकणच्या जांभ्या दगडांतहि हें खनिज असतें. संस्कृतच्या अभ्यासकास हें नांव परकें वाटूं नये. जर्मन महाकवि गटे यास खनिजें जमविण्याचा नाद होता, आणि १८०६ सालीं या खनिजास त्याचें नांव देण्यांत आलें. कालिदासाचें शाकुंतल १७९१ सालीं जर्मन भाषेंत गेलें तेव्हां ज्यानें त्याची मुक्तकंठानें स्तुति केली, तोच हा गटे. शकुंतलेच्या त्या चाहत्याचें नांव एका शिंपल्याच्या दांतांत अडकून आम्हांस हरिहरेश्वरीं भेटेल, हें आम्हांस स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. इंग्लंडांत पोर्टस्मथ विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं युरोपीय लिंपेटाच्या दांतांची ताणशक्ति मोजली, तेव्हां ती कोळ्याच्या तंतूहूनहि अधिक भरली. त्यापूर्वीं प्राण्यांनीं निर्मिलेल्या पदार्थांत कोळ्याचा तंतु पहिला मानीत असत.

हें सांगणें चाललें असतांना थोड्या अंतरावर शहराकडून आलेले चारपांच तरुण शिळेवरचे लिंपेट दगडानें व किल्ल्यांनीं उचकटून प्लास्टिकच्या पिशवींत टाकीत होते. निघतांना कवच फुटलें तर फेकून देत. कालवें काढणारी ती बाई पोटासाठीं काढते, आणि घरांत लागेल तेवढेंच काढते. तिच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. हवाई बेटांतील लोक सेलानाच्याच जाति आवडीनें खातात, आणि लाटांच्या तोंडीं त्या काढतांना तेथें माणसें प्राणासहि मुकलीं आहेत. परंतु या तरुणांस तें खावयाचें नव्हतें. आम्हीं विचारलें, तर त्यांतला एक नम्रपणेंच म्हणाला, "काका, एवढासा शिंपला तो. दोनचार नेले तर समुद्राचं काय जातं?"

समुद्राचें कांहीं जात नाहीं हें खरें. जातें तें खडकाचें, आणि याचें प्रमाण आहे. इंग्लंड व आयर्लंड यांच्या मधील मॅन बेटावर १९४६ सालीं एका संशोधकानें किनाऱ्यावरील खडकाचा एक पट्टा निवडून त्यावरील सर्व लिंपेट काढून टाकले. कांहीं महिन्यांतच तो पट्टा हिरवागार झाला, आणि पुढें त्यावर मोठ्या समुद्रवनस्पति दाटल्या. शेजारचा खडक, जेथें लिंपेट होते, तो मात्र पूर्वींसारखाच उघडा राहिला. पुढें १९६७ सालीं टॉरी कॅन्यन नांवाचें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैऋत्य टोंकाशीं फुटलें. तेल धुण्यासाठीं किनाऱ्यावर जीं औषधें फवारलीं त्यांनीं तेलापेक्षां अधिक लिंपेट मारले, आणि मैलोगणती खडक हिरवे झाले. ते मूळ स्थितीवर यावयास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. म्हणजे उघडा खडक हा आपोआप उघडा राहत नाहीं. कोणीतरी तो रात्रंदिवस खरवडीत असतें म्हणून उघडा असतो.

आतां हरिहरेश्वराच्या वाटेचा विचार करा. माणसें अनवाणी प्रदक्षिणा करतात. त्यांत आमच्या मंडळींसारखीं सत्तरीकडे झुकलेलीं माणसें असतात. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस समुद्र. पाय घसरून किंवा लाटेंत सांपडून या खडकावर माणसें गेल्याच्या दुःखद हकीकती वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत, आणि सावधगिरीच्या पाट्याहि तेथें लाविलेल्या आहेत. हिरवें शेवाळ चढलेल्या दगडावर पाऊल ठेवणें म्हणजे काय, हें नदीच्या घाटावर वाढलेल्यास सांगावयास नको. त्या वाटेवरचें शेवाळ बिनपगारी काढणारा हा चाकर आहे. इतकें आम्हीं त्या तरुणांस सांगितलें. शिक्षकी पेशाची संवय. कदाचित् आवाज थोडा चढला असेल. त्यांनीं पिशवी तेथेंच उपडी केली. दुर्दैव एवढेंच, कीं एकदां सुटलेला लिंपेट पालथा पडला म्हणजे त्यास स्वतः सुलटें होऊन पुन्हां धरतां येणें कठीण असतें. तो वाळतो किंवा खेंकड्यांच्या तोंडीं पडतो. आमच्या नातवानें एकेक उचलून ओल्या फटींत कवच वर करून बसविला. किती जगले असतील तें देव जाणे.

साडेआठच्या पुढें पाणी परत येऊं लागलें. खालच्या शिळांवरून पहिलें पाणी फिरलें, तेव्हां नातू ओरडला, "आजोबा, उठला!" पाण्याखालीं गेलेल्या एका कवचाची कड किंचित् उचलली गेली होती, आणि खालून दोन बारीक शिंगांसारखे अवयव बाहेर आले होते. कवच अगदीं मंदपणें, मिनिटाला बोटभरहि नव्हे, पुढें सरकलें. त्याच्या जेवणाची वेळ झाली होती आणि आमची निघण्याची. आमच्या मंडळींनीं दोनदां हांक मारल्यावर आम्ही तेथून हललों.

वाळूवर येऊन बसल्यावर आप्पा म्हणाले, "दादा, मग आपल्या पूर्णेकांठीं विहीर खणतांना असला एखादा शिंपला निघाला, तर समुद्र होता असं म्हणतां येईल ना?" येईल, म्हणूनच त्यास आरंभीं साक्षीदार म्हटलें. खडकास धरलेल्या स्थितींत हा सांपडला, तर तेथें खडकाळ किनारा व भरतीओहोटी होती असें निःशंक म्हणावें. आमच्या बाजूच्या लाव्हाच्या थरांमध्यें मिळालेले साक्षीदार बहुतांशीं निराळी साक्ष देतात. लाव्हा एकदम वाहिला नाहीं. दोन प्रवाहांच्या मधल्या काळांत तळीं सांचलीं, त्यांत चिखल बसला व गोगलगायी झाल्या. नागपुराजवळ टाकळी येथें असे थर स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी हंटर या मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासिले. ज्यांचें नांव नागपूरच्या कॉलेजास आहे तेच हे हिस्लॉप. तेथील शंख गोड्या पाण्यांतले होते.

तथापि गोष्ट इतक्यावर संपत नाहीं. अमरावतीच्या ईशान्येस, सातपुड्यांतील छिंदवाडा जिल्ह्यांत झिलमिली नांवाचें गांव आहे. तेथें लाव्हाच्या दोन थरांमधील गाळांत समुद्रांत तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांचीं सूक्ष्म कवचें मिळालीं. समुद्राचा एक फांटा त्या काळीं हिंदुस्थानच्या मध्यापर्यंत पोंचला असावा, असें अनुमान संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें. तेव्हां वऱ्हाडाच्या शेजारीं समुद्र आला असेलहि. परंतु ती गोष्ट सहासाडेसहा कोटि वर्षांपूर्वींची. पूर्णेचा गाळ त्यामानानें कालचा. आमच्या विहिरींतलें मीठ त्या समुद्राचें म्हणून सांगणें म्हणजे पणजोबांच्या लग्नाच्या जेवणानें आज पोट भरलें असें सांगण्यासारखें आहे. आप्पांस हें पटलें कीं नाहीं तें कळलें नाहीं. ते वकील आहेत.

वऱ्हाडांतून हरिहरेश्वरास जाणारांसाठीं दोन शब्द. पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावरची द्वितीया-तृतीया गांठावी. द्वितीयेस सकाळीं साडेसातच्या व तृतीयेस सव्वाआठच्या सुमारास ओहोटी पूर्ण असते. तिच्या तासभर आधीं निघावें, म्हणजे पाणी फिरण्यापूर्वीं वाट सरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हां पाणी पुरतें उतरत नाहीं. पाऊणपटीचा हिशेब ढोबळ असल्यामुळें निघण्यापूर्वीं गांवांतल्या जाणत्या माणसास एकदां विचारून घ्यावें. पावसाळ्यांत या वाटेस जाऊं नये. बरोबर काठी असावी, आणि लहान मूल असेल तर एक भिंगहि असावें.